खेमसिंगाची कोथळी

खेमसिंग आडे सहलीला निघाला, ही बातमी सेवाभायाच्या देवळापर्यंत पोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. तांडा तो केवढासा! आर्णीचा रस्ता सोडून आत वळलं की साठ-सत्तर घरं, आणि प्रत्येक घराला चार कान. अडुसष्ट वर्षांचा माणूस, कापसाची दुसरी वेचणी बाकी, तुरीला शेंगा भरलेल्या, आणि हा बुवा शनिवार-रविवार धरणातल्या बोडखीवर मुक्कामाला जाणार म्हणे. तोही डिसेंबरच्या थंडीत, अख्खं घर घेऊन. लोक हसणार नाहीत तर काय करतील?

"काय गा खेमसिंगभाऊ, म्हातारपणी हनिमून काय?" शेजारच्या हरिसिंगानं विचारलंच.

"हाव. तुह्या वहिनीले नको सांगू, लाजन थे," खेमसिंग म्हणाला आणि पटक्याचं टोक खोचून पुढं गेला.

वरचं हसू नुसतं दाखवायचं होतं. आता काय झालं होतं ते सांगतो, म्हणजे तुम्ही तरी त्याला हसणार नाही.

खेमसिंगाचा एकुलता एक मुलगा इंद्रजीत, जिल्हा परिषदेचा मास्तर. नोकरी लागली ती थेट रायगडात, खाडीकाठच्या एका गावात. दहा वर्षं तिकडं काढली. तिथलीच पोरगी केली, कोकिळा. लग्न झालं नेमकं लॉकडाऊनमध्ये, त्यामुळे खेमसिंग आणि चंदाबाईनं पोराचं लग्न पाहिलं ते मोबाईलवर, आणि ऐन मंगळसूत्राच्या वेळी नेटवर्क गेलं. पुढं आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता म्हाताऱ्यानं सुनेचं माहेर पाहिलंच नाही. मग दीड वर्षामागं इंद्रजीतची बदली झाली आणि तो बायको आणि सोनू नावाच्या चिमुरडीला घेऊन घरी आला. खेमसिंगाला वाटलं, आता देवानं सगळं दिलं.

पण सून बोलेना. भांडणारी असती तरी चाललं असतं, चंदाबाई भांडणाला कधी कमी पडलेली नाही. ही नुसती गप्प. सगळं काम करायची, निंदायला यायची, वेचणीला यायची, विचारलं तर हो-नाही म्हणायची, बस. "नाव कोकिळा अन् आवाज पाय कसा, जसं वाळलेलं झाड," असं तांड्यातल्या बाया म्हणायच्या. रोज संध्याकाळी वावरातून परतताना ती शेततळ्याच्या काठावर थांबायची. प्लास्टिक अंथरलेलं चौकोनी तळं, त्यात पाहण्यासारखं काय असणार? पण ती पाहत उभी राहायची, आणि लांबून खेमसिंग तिला पाहायचा.

आणि मंगळवारी चंदाबाईनं नको ते ऐकलं. इंद्रजीत अंगणाच्या कोपऱ्यात फोनवर बोलत होता. नेरकडचा एक मास्तर रायगडात अडकून पडला होता. त्याला इकडं यायचं होतं, याची जागा पाहिजे होती. दोघांनी मिळून आपसी बदली मागायची. "सोमवारी सांगतो सर," इंद्रजीत म्हणत होता, "घरी अजून बोललो नाई. पण हिचं मन लागून नाई राह्यलं अथी. पाह्यवत नाई मले."

चंदाबाईनं हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. हातातला घास हातात राहिला.

सोमवारपर्यंत सहा दिवस. पोरगा गेला असता एकवेळ, दहा वर्षं गेलेलाच होता की. पण सोनू? ती दुपारी त्याच्या छातीवर झोपायची, त्याच्या मिशा ओढायची, त्याला 'आजोबा' म्हणायची, तेही कोकणातल्या हेलात. साडेचार वर्षांची पोर घर भरून टाकते, आणि एकदा भरलेलं घर रिकामं कसं करायचं असतं, हे खेमसिंगाला कोणी शिकवलेलं नव्हतं. रात्रभर तो कूस बदलत राहिला आणि पहाटे उठून बसला.

"पाण्यातली पोरगी हाय वं थे," तो चंदाबाईला म्हणाला. "तिले पाणी पाह्यजे. मोठं पाणी. आपुन तिले पाणी दाखवू."

अशी ती सहल ठरली.

बोडखी म्हणजे काय, तर धरण होण्याआधीची एक उघडी टेकडी. धरण भरलं, खालची वावरं पाण्यात गेली आणि बोडखीचं डोकं तेवढं वर राहिलं. चहूकडं पाणी आणि मध्ये हा काळा फत्तर. झाड म्हणाल तर चार बाभळी आणि काटेरी झुडपं. हिवाळ्यात पाण्यावरून जो वारा येतो तो सरळ हाडात शिरतो. धरणावर मासे धरणारा उकंडा हा खेमसिंगाचा बैलबाजारातला जुना दोस्त. त्याची वर एक झोपडी होती, जाळी ठेवायला. ती त्यानं देऊ केली.

शुक्रवारी दिवसभर बांधाबांध. चार रजया, ताडपत्री, पातेलं, तवा, ज्वारीचं पीठ, तिखट, लसूण, तेल, सोनूच्या दोन कानटोप्या. चंदाबाईनं सगळं भरलं. मीठ तेवढं भरलं नाही. ते ती भरतच नसे. आडे घराण्याची ती रीतच होती. या लोकांचे बापजादे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घालत. मिठाला यांच्या बोलीत लूण म्हणतात. तांडा हलला की पुढच्या बैलाजवळ कर्ता पुरुष, आणि घरच्या खाण्याचं लूण त्याच्या कमरेच्या कोथळीत. बैल गेले, तांडे जागच्या जागी बसले, पण आडे कुटुंब घराबाहेर मुक्कामाला निघालं की लूण कर्त्या पुरुषानंच न्यायचं. बाईनं त्याची आठवणसुद्धा करायची नाही, ते अपशकुनी. खेमसिंगाची कोथळी त्याच्या आईनं शिवलेली होती, कवड्या आणि आरसे लावलेली, आणि पन्नास वर्षांत तो ती एकदाही विसरला नव्हता.

घरात मात्र मिठाचा हात बाईचा. भाजीत मीठ घालणार ती घरातली थोरली. सासू ज्या दिवशी मिठाची बरणी सुनेपुढं सरकवते, त्या दिवसापासून घर सुनेचं. चंदाबाईनं ती बरणी अजून सरकवली नव्हती. "तिचं मनच नाई घरात, मंग मीठ कोनाच्या हाती देऊ?" असं ती म्हणायची. दुष्टपणा नव्हता तिच्या मनात. वाट पाहत होती बिचारी.

शनिवारी सकाळी भाड्याच्या मॅजिक गाडीत बसून मंडळी धरणावर पोचली. उकंडा नाव घेऊन उभाच होता. चंदाबाई उभ्या जन्मात नावेत बसली नव्हती. पाणी पाहून तिनं हात जोडले. "मी नाई येत बाप्पा. तुमी जा. मी अथीच बसतो, कापसाचे बोंडं मोजत."

"अथी कुठी कापूस हाय वं?" खेमसिंग म्हणाला.

शेवटी इंद्रजीतनं तिला दंडाला धरून बसवली. तिनं डोळे मिटले आणि सेवाभायाचा धावा सुरू केला. अर्धं पाणी ओलांडलं आणि वारा सुटला. नाव आडवी झाली, डोलायला लागली, एक लाट आत आली आणि सोनू किंचाळली. उकंडा एकटा, एका वल्ह्यानं किती सावरणार? नाव बोडखीच्या खडकाकडं ढकलली जायला लागली.

"भाऊ! आडवी काय धरताय! नाक वाऱ्यात घाला, नाक!"

कोण ओरडलं म्हणून खेमसिंगानं मागं पाहिलं. कोकिळा उभी राहिली होती. डोलत्या नावेत, जशी अंगणात उभी असावी तशी. पदर कमरेला खोचून तिनं तळातलं दुसरं वल्हं उचललं आणि पाण्यात घातलं. "आता माझ्याबरोबर. हे घ्या. परत. अहो जोर लावा की, जेवला नाय का सकाळी?"

उकंडा हडबडला, पण हुकूम मानला. दहा-बारा फटक्यांत नाव सरळ झाली आणि खडकाच्या आडोशाला येऊन लागली. चंदाबाईनं डोळे उघडले तेव्हा सून वल्हं हातात धरून हसत होती. गाल लाल झाले होते, केस सुटले होते. दीड वर्षात ते हसू या घरातल्या कोणी पाहिलं नव्हतं.

"बापा!" उकंडा म्हणाला. "खेमसिंगभाऊ, ही कोनाची पोरगी आनली गा तू?"

कोणाची, ते त्याला तरी कुठं नीट ठाऊक होतं?

मंडळी उतरल्यावर उकंडा नाव घेऊन परत गेला, सकाळी नवाला येतो म्हणून. खेमसिंगानं बोडखीवर पाय रोवून दोन्ही हात पसरले. आपल्या घरच्या रीतीप्रमाणे तो सुनेशी थेट बोलायचा नाही, मधे सोनू लागायची. "सोनू, सांग तुह्या मम्मीले. पाय म्हणा, समुद्र आनला तुह्यासाठी."

कोकिळा खाली वाकली. ओंजळीत पाणी घेतलं आणि जिभेला लावलं. सवयीनं असेल. तिचा चेहरा क्षणभर पडला आणि मग तिनं तो पटकन सावरला.

"मम्मी, खारट आहे?" सोनूनं विचारलं.

"नाय गं. गोडं हाय."

समुद्र खारा असतो हे काय खेमसिंगाला माहीत नव्हतं? तिसरीच्या पुस्तकात असतं ते. पण त्या वेळी मात्र त्याला स्वतःचीच लाज वाटली. माणूस तहानेनं मरायला टेकलेला असावा आणि आपण त्याला चित्रातला माठ दाखवावा, तसं त्यानं केलं होतं. सोमवार दोन दिवसांवर आला होता आणि त्याच्याकडं दाखवायला दुसरं काही नव्हतं.

दुपारभर त्यांनी झोपडी झाडली, ताडपत्री बांधली, सरपण गोळा केलं. वारा काही केल्या थांबेना. सोनूचं नाक वाहायला लागलं. चंदाबाई दोन लुगडी आणि एक रजई गुंडाळून बसली आणि दर पाच मिनिटांनी म्हणाली, "कोन्या मुहूर्तावर निंगालो बाप्पा!"

दिवस कलायला लागल्यावर तीन दगडांची चूल पेटली. उकंडानं जाताना दोन मोठे रोहू ठेवले होते. कोकिळानं ते साफ केले, आणि काय हात चालला तिचा! चंदाबाईनं लसूण-तिखट ठेचलं, रस्सा उकळी फुटून लाल झाला. त्या वासानं सगळे चुलीभोवती सरकले.

"आना जी लूण," चंदाबाई म्हणाली.

खेमसिंगानं ऐटीत कमरेची कोथळी सोडली. नाडी ओढली आणि तळहातावर उपडी केली. पडले ते फुटाणे आणि गुळाचे खडे.

आता ऐका. सहलीत पोर कंटाळेल, रडेल, म्हणून पहाटे उठून म्हाताऱ्यानं कोथळीत सोनूसाठी गूळ-फुटाणे भरले होते. भरताना आतलं लूण काढून डब्यात ठेवलं, ते दुसऱ्या पुडीत घेऊ म्हणून. तो डबा तसाच राहिला घरी, चुलीच्या वरच्या फळीवर.

चंदाबाईचं तोंड सुटलं.

"पन्नास वर्सं झाले, एक काम हाय या मानसाले! एक! सात पिढ्या लूण वाहून वाहून बैलाच्या पाठी सोलल्या, अन् हा लमाण लूण इसरला! कोनाले सांगू? तांड्यात तोंड कसं दाखवू?"

"याडी, जाऊ दे ना," इंद्रजीत म्हणाला. त्यानं झोपडीतला उकंडाचा डबा उघडून पाहिला. काडेपेटी, विड्या आणि चहाची पूड. नाव उद्या सकाळी. मिठावाचून रस्सा, मिठावाचून भाकरी.

खेमसिंग खाली मान घालून फुटाणे गोळा करत होता. एवढं त्याला आयुष्यात कधी लागलं नव्हतं. सून राहावी म्हणून आणली, तर तिला गोडं पाणी पाजलं आणि आता अळणी जेवण घालतो आहे. काय म्हणून राहील ती?

तेवढ्यात कोकिळा उठली. झोपडीत गेली आणि आपल्या पिशवीतून एक गाठोडं घेऊन आली. जुन्या सुती धोतराचा तुकडा, वर सुतळीच्या तीन गाठी. तिनं ते चंदाबाईपुढं ठेवलं आणि गाठी सोडायला लागली. गाठी इतक्या घट्ट बसल्या होत्या की शेवटची दातांनी सोडावी लागली. आत मीठ होतं. जाडं, खड्याचं, थोडं मातकट रंगाचं.

"हे कुठून वं?" चंदाबाई म्हणाली.

"आमच्या मिठागरातलं. बाबांनी पिकवलेलं."

खेमसिंगाच्या हातातले फुटाणे परत पडले. रीतभात सगळी विसरून, सोनूला मधे न घालता, तो पहिल्यांदा सरळ सुनेकडं वळला. "तुहा बाप मासे धरते ना?"

"नाय मामाजी. कोणी सांगितलं तुम्हाला? आमी मीठ पिकवतो. पणजोबापासून." ती इंद्रजीतकडं पाहून म्हणाली, "यांनी नाय सांगितलं?"

"मी सांगितलं होतं, शेती हाय म्हणून," इंद्रजीत चाचरत म्हणाला. "तथी तिले मिठाची शेतीच म्हणतात."

शहाण्या माणसाला कुठं काय सांगावं ते कळत नाही, ते असं.

"माझी आजी सांगायची," कोकिळा बोलायला लागली, आणि एकदा लागली ती थांबेना. "तिनं तिच्या आजाकडून ऐकलेलं. शिमगा झाला की आगरावर मिठाच्या राशी लागायच्या. मग घाटावरून लमाण यायचे. बैलच बैल, गळ्यात घंटा. बायांच्या हातभर बांगड्या, आरशांचे घागरे. आमची पोरं बांधाआड लपून बघायची. गोण्या भरून घाट चढून जायचे. वाटेत चोर, पाऊस, नदी. आणि मग वर्षानं परत आले, की पहिला शब्द काय? राम राम नंतर. आधी म्हणायचे, मीठ पोचलं. ते ऐकेपर्यंत आमच्या लोकांच्या जिवाला घोर."

वारा पडला होता. चूल तेवढी फुरफुरत होती.

"यांनी मला मागणी घातली तेव्हा घरात सगळे नाय म्हणाले. लांबचा, आपल्यातला नाय. बाबा एकटे बोलले, अगो, हे तर जुने पाव्हणे. मीठ नेणारे. देऊ." कोकिळानं डोळे पुसले, पण बोलायची थांबली नाही. "इकडं निघाले तेव्हा बाबांनी हे बांधून दिलं. पहिल्या दिवशी सगळ्यांना खायला घाल म्हणाले. दर रविवारी फोन करतात, विचारतात, मीठ खाल्लं का गं त्यांनी? मी हो सांगते. दीड वर्ष खोटं सांगते मी माझ्या बापाला."

"अवं, मंग काहून नाई काढलं?" चंदाबाईचा आवाज उतरला होता.

"पहिल्याच दिवशी मी मिठाला हात लावला तर तुम्ही म्हणालात, राहू दे, मीच टाकतो. मग कसं काढणार?"

चंदाबाईला तो दिवस आठवला. आपण किती सहज म्हणालो होतो, तेही आठवलं. तिनं रश्श्याचं पातेलं दोन्ही हातांनी धरून कोकिळाच्या पुढ्यात सरकवलं. हात पोळले असतील, पण हूं की चूं केलं नाही.

"टाक."

"मी?"

"तुह्या बापाचं मीठ, तू नाई टाकनार तं कोन टाकीन? टाक वं छोरी. अन् घरी गेल्यावर बरनी बी तूच घे. माह्या हातून आताशा खारटच होते."

कोकिळानं चिमूट भरली. अंदाज घेतला, थोडं कमी केलं आणि टाकलं. मग त्या थंडीत, एकमेकांना खेटून बसून, त्यांनी असं जेवण केलं की पातेलं धुवायला काही उरलं नाही. खेमसिंगानं चौथी भाकरी मागितली तेव्हा चंदाबाईनं फक्त त्याच्याकडं पाहिलं. तो मुकाट्यानं अर्धीवर आला.

आता तुम्ही म्हणाल, झालं, मिटलं. खेमसिंगाला तसं वाटलं नाही. जेवताना सून हसत होती, सोनूला आगरावरच्या गोष्टी सांगत होती, चंदाबाईला माशाचं कालवण कसं करायचं ते शिकवत होती, आणि तो तिच्याकडं पाहत होता. एवढा आवाज या पोरीत होता. एवढ्या गोष्टी होत्या. आणि आपल्या घरात दीड वर्ष ती मुकी राहिली. ज्या घरात माणूस मुकं होतं तिथं त्याला ठेवून घ्यायचं, तर कोणत्या तोंडानं?

रविवारी सकाळी पाण्यावर धुकं होतं, इतकं की आपण जमिनीवर आहोत की ढगावर ते कळेना. खेमसिंग आणि इंद्रजीत शेकोटीजवळ बसले होते.

"थ्या नेरच्या मास्तरले बदलीसाठी हो म्हन," खेमसिंग म्हणाला.

इंद्रजीत दचकला. "बा, तुले कोनं सांगितलं?"

"सांगितलं कोनं बी. घेऊन जाय तिले. मी तिले थांबवासाठीच अथी आनलं होतं, लबाडी होती माही. काल पाह्यलं म्या. तथी थे बोलते असन, हासते असन. सोनूले दर सुट्टीत धाडजो, बस." एवढं बोलून तो शेकोटीत उगाच काडी घालत राहिला. डोळ्यांना धूर लागत होता, निदान त्यानं तसं दाखवलं.

"कोणाची बदली?"

मागं कोकिळा उभी होती. दोन्ही हातांत चहाचे पेले.

इंद्रजीतनं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं, पेले खाली ठेवले, आणि मग जो आवाज निघाला तो कालच्या नावेतला.

"मला विचारलंत? तुम्ही, तुम्ही, कोणी एकानं तरी?"

"तू बोलतच नव्हती," इंद्रजीत म्हणाला. "मले वाटलं..."

"बोलू कोणाशी? जेवायला बसलात की तुम्ही तुमच्या बोलीत बोलता, मला एक शब्द कळत नाय. मामाजींना मला सांगायचं असलं की सोनूला सांगतात, सोनू मला सांगते. साडेचार वर्षांची पोर अर्धं विसरते!" मग ती जरा थांबली, आणि आवाज खाली आला. "मला जायचंय. नाय कशाला बोलू? रोज जायचं असतं. मीठ पिकतं तेव्हा, चैत्रात, आठ दिवस. बाबांचे गुडघे गेले, आता ते किती दिवस आगरावर उतरतील? पण मला परत यायला जायचंय. प्रत्येक पोरीला माहेर पाहिजे असतं, म्हणून काय सगळ्या बदल्या करून घेतात?"

खेमसिंगानं हातातली काडी शेकोटीत टाकून दिली.

"आमाले नेशील?" त्यानं विचारलं. "चैत्रात? मले अन् हिले?"

"बैल घेऊन येणार?"

"नाई वं. रेल्वेनं. बैलं आता महाग झाले."

ती हसली. तिनं काल उरलेलं मीठ आणलं, खेमसिंगाच्या हातातली कोथळी घेतली, आतला शेवटचा फुटाणा सोनूच्या तोंडात टाकला आणि कोथळी भरून नाडी ओढून त्याच्या हातात दिली. खेमसिंगानं ती कमरेला बांधली, आणि बांधल्यावरही दोनदा चाचपून पाहिली.

मग म्हणाला, "आज रईवार हाय. तुह्या बापाचा फोन येत असन ना?"

"दहा वाजता. पण इथं रेंज नाय."

"वर येते. उकंडा वरूनच बोलते."

सगळे बोडखीच्या माथ्यावर चढले. चंदाबाईसुद्धा, प्रत्येक दगडाला शिव्या घालत. धुकं विरत होतं. लांब पाण्यावर उकंडाची नाव ठिपक्याएवढी दिसत होती. कोकिळानं फोन उंच धरला, रेंजची एक काडी आली. तिनं नंबर लावला आणि बोलायच्या आधीच खेमसिंगानं हात पुढं केला.

पाच वर्षांत त्यानं या माणसाला स्वतःहून एकदाही फोन केला नव्हता. काय बोलायचं ते चढताना सगळं ठरवलं होतं, माफी मागायची, तब्येत विचारायची, लग्नाला आलो नाही ते सांगायचं. पलीकडून खोकल्याचा आवाज आला, "कोण?" आणि ठरवलेलं सगळं निघून गेलं.

"इवाई," खेमसिंग व्याह्याला म्हणाला, "आर्नीकून बोलतो, खेमसिंग. मीठ पोचलं."

रेंज गेली की काय म्हणून त्यानं फोन कानापासून काढून पाहिला, परत लावला.

"पोरगी दीड वर्ष सांगते हाय, पोचलं, पोचलं," म्हातारा आवाज आला. "पण तिच्या आवाजात पोचलेलं नव्हतं. लय उशीर केलात, पाव्हणं."

"हाव," खेमसिंग म्हणाला. त्यानं फोन सुनेच्या हातात दिला आणि पटक्याच्या टोकानं डोळे पुसत तो खडकावर बसला.